अर्नाळ्याची सहल आणि खालाचे मशीन

भिवंडीहून अर्नाळ्याला जायचे तर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. पण अंजूरफाटा ते चिंचोटी हा रस्ता ज्याने पाहिला आहे, तो हे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतो. गोदामांकडे जाणारे ट्रेलर, त्यांनी पाडलेले खड्डे आणि खड्ड्यांभोवती वळणाऱ्या रिक्षा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहा जण या रस्त्याने निघालो. अम्मी, अम्मीची थोरली बहीण म्हणजे आमची खाला, आम्ही दोघे आणि दोन मुले. चिंचोटीला अहमदाबादचा महामार्ग लागला तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

आमचा पहिला मुक्काम सोपाऱ्यात, नात्यातल्या एका घरी होता. आज नालासोपारा म्हटले की लोकलची गर्दी आणि दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती आठवतात. पण स्टेशनच्या पश्चिमेला आत गेले की जुने सोपारे अजून सापडते. हे एके काळचे मोठे बंदर. दहाव्या शतकातल्या अल-मसऊदीने या किनाऱ्याबद्दल लिहिताना त्याचे नाव ‘सुबारा’ असे दिले आहे. इथल्या स्तूपाला गावातले लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. हजाराहून अधिक वर्षे हे सामान जमिनीखाली जसेच्या तसे राहिले होते. आमच्या धाकटीने हे ऐकून विचारले, “पाणी नाही गेलं आत?” तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तिचा हा प्रश्न आम्हाला फार आठवला.

त्याच दिवशी दुपारी निर्मळ, आगाशी असे करत आम्ही अर्नाळ्याला गेलो. या पट्ट्यात अजून केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या आहेत. वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची लहान तळी दिसतात, त्यांना इथे बावखल म्हणतात. बऱ्याच बावखलांवर आता इमारती उभ्या आहेत, असे आमचे यजमान सांगत होते. आगाशीची सुकेळी घेतली. केळे वाळवून केलेला हा प्रकार ज्यांनी खाल्ला नसेल त्यांनी एकदा जरूर खावा. भिवंडीला पोहोचेपर्यंत ती उरणार नाहीत, म्हणून दुप्पट घ्यावीत.

अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी, समुद्रातल्या बेटावर आहे. बेटावर कोळी वस्ती आहे आणि किनाऱ्यावरून होडीने जावे लागते. गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज, मग 1737 मध्ये मराठे, अशी या किल्ल्याची मालकी बदलत गेली. मुख्य दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरले आहेत आणि बाजीरावाचे नाव असलेला शिलालेख आहे. आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे, तसाच शाहअली आणि हाजीअली यांचा दर्गाही आहे. खालाने बुरुजावर बसून पुरता तासभर समुद्र पाहिला. “लाटेचा आवाज वेगळा आणि वाऱ्याचा वेगळा,” असे ती म्हणाली, “मला दोन्ही ऐकू येतात.” हे तिने मुद्दाम सांगितले, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिला दोन्ही ऐकू येत नव्हते.

खालाचे वय अडुसष्ट. खालू गेल्यापासून ती एकटी राहते. सकाळी मोहल्ल्यातल्या आठ मुली तिच्याकडे नाजरा शिकायला येतात. घरचे लोक महिन्याला देतील तेवढे ती घेते. कान अधू झाले तेव्हा तिने शिकवणे बंद करायचे ठरवले होते. सीन कुठला आणि सुआद कुठला हे ऐकूच येत नसेल, तर मुलीची चूक सुधारायची कशी? मग तिने दोन बांगड्यांपैकी एक मोडली आणि सव्वीस हजार रुपयांचे कानाचे मशीन घेतले. मुली पुन्हा येऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मुलांच्या पसंतीचा होता. वसई-विरारच्या किनाऱ्यापासून महामार्गापर्यंत वॉटर पार्क आणि रिसॉर्ट इतके आहेत की फलक वाचता वाचता मान दुखते. त्यांतल्याच एका उद्यानात आम्ही गेलो. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण मिटलेले आहे. उद्यान छानच होते. स्वच्छ पाणी, उंच घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचा तलाव. पाण्यात उतरायला नायलॉनचाच कपडा हवा, असा नियम होता. पूर्ण बाह्यांचा, डोके झाकणारा पोशाख चालेल का, हे आम्ही आधीच फोन करून विचारून घेतले होते. “नायलॉनचा असेल तर चालेल,” असे उत्तर मिळाले आणि प्रत्यक्षातही कोणी अडवले नाही. जोहरच्या नमाजसाठी एका रखवालदाराने स्वतःहून बदामाच्या झाडाखालची जागा दाखवली. चांगल्या गोष्टी आधी लिहिलेल्या बऱ्या.

खाला पाण्यात उतरणार नव्हती, पण तलावाच्या काठावर पाय सोडून बसणार होती. तुषार उडतील म्हणून तिने मशीन काढले, डबीत ठेवले, डबी पर्समध्ये आणि पर्स लॉकरमध्ये. लॉकरचे भाडे शंभर रुपये, अनामत शंभर. किल्ली आमच्याकडे. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते : सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावे.

साडेचार वाजता लॉकर उघडला तेव्हा आत बोटभर पाणी साचले होते. लॉकरच्या रांगेवरून जाणारा पाण्याचा पाइप गळत होता आणि पाणी मागच्या फटीतून आत झिरपले होते. डबीतून पाणी ओघळले. शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले धाकटीचे उर्दू गोष्टींचे पुस्तक फुगून विटेसारखे झाले होते. थोरल्याचा मोबाइलही भिजला, पण त्याची काच आधीपासूनच तडकलेली होती आणि तो चालू होत होता.

रांगेच्या कडेला एक निळी बादली होती. पाइपच्या नेमकी खाली, काठोकाठ भरलेली. आम्ही तिचा फोटो काढला. खिडकीवरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा, जव्हारकडचा. तो हळूच म्हणाला, “चार दिवसांपासून गळतंय, सर. मी सांगितलंय.”

मग मॅनेजर आले. त्यांनी आधी पावतीची मागची बाजू दाखवली. आम्ही बादली दाखवली. तेव्हा ते आमच्याशी बोलायचे सोडून त्या मुलाकडे वळले. “लक्ष कुठे होतं तुझं? यांचं जे काय होईल ते तुझ्या पगारातून कापतो!” मुलाचा चेहरा उतरला. खाला मधोमध उभी, सगळ्यांच्या ओठांकडे पाहत होती. तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. “काय म्हणतो हा?” तिने आम्हाला विचारले. आम्ही पावतीच्याच कोऱ्या जागेवर लिहून दाखवले. ते वाचून ती मॅनेजरना जरा मोठ्यानेच म्हणाली, कारण स्वतःचा आवाजही तिला कळत नव्हता : “या पोराच्या पगारातला एक रुपया मला नको. तो मला हराम आहे. पाइप तुमचा आहे, तुम्ही द्या.”

मॅनेजरनी दोन मोफत तिकिटे देऊ केली. खालाने तिकिटांकडे पाहिले आणि ती आमच्या धाकटीसारखी हसली. “मशीन नाही, तर मी इथे येऊन काय ऐकू?”

आम्ही जागच्या जागी साध्या कागदावर मराठीत तक्रार लिहिली. तारीख, वेळ, लॉकर क्रमांक, काय भिजले, पाइप आणि बादली. एक प्रत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घेतली. शिक्का द्यायला ते तयार नव्हते, म्हणून अर्धा तास बसून राहिलो. त्या मुलाचे ‘चार दिवसांपासून’ हे वाक्य आम्ही तक्रारीत लिहिले नाही. त्याने आमची बाजू भक्कम झाली असती, पण त्याची नोकरी गेली असती. बादलीचा फोटो पुरेसा बोलका होता. ज्याला गळती माहीत नाही तो बादली ठेवत नाही.

परतीच्या वाटेवर, त्याच चिंचोटी रस्त्यावर, गाडीत मोठा वाद झाला. थोरला बारावीत आहे. त्याचे म्हणणे : नव्या मशीनचे सव्वीस हजार, मोबाइलचे बारा हजार आणि मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागा, मग ते निम्म्यावर येतील. अम्मीचे म्हणणे : जाऊ द्या, मोठ्या लोकांशी कोण भांडणार. आम्हाला दोन्ही पटत नव्हते. मोबाइलची काच रमजानमध्येच फुटली होती. ती त्या पाइपच्या नावावर घालायची नाही, हे तिथेच ठरले. थोरला चिंचोटीपासून अंजूरफाट्यापर्यंत बोलला नाही.

मग न्याय्य रक्कम किती? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विमा कंपन्या वापराप्रमाणे किंमत घटवतात. दुकानदाराने हे मशीन साधारण पाच वर्षे चालेल असे लिहून दिले होते, दोन वर्षे झाली होती, म्हणजे तीन पंचमांश किंमत उरली : पंधरा हजार सहाशे रुपये. हिशेब सरळ आहे. पण वापरलेले कानाचे मशीन बाजारात मिळत नाही. ज्याचे मशीन बुडाले त्याला नवेच घ्यावे लागते, आणि उरलेले दहा हजार चारशे त्याने ज्या दिवशी खर्च करायचे ठरवले नव्हते त्या दिवशी करावे लागतात. अर्धे मशीन विकत घेता येत नाही.

आपल्याकडे नुकसानभरपाईच्या दोन गोष्टी घरोघरी माहीत असतात, आणि या वादात आम्हाला दोन्ही आठवल्या. एक फुटलेल्या वाडग्याची. रसूलुल्लाह (स.) एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीकडून आलेला वाडगा रागाच्या भरात फोडला गेला. आपण स्वतः तुकडे आणि सांडलेले अन्न गोळा केले आणि ज्यांचा वाडगा फुटला होता त्यांना त्या घरातला धड वाडगा पाठवला. फुटका वाडगा किती जुना होता, हा प्रश्न तिथे निघाला नाही. दुसरी गोष्ट हजरत दाऊद आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्यासमोर आलेल्या शेताच्या खटल्याची. रात्री शेळ्या-मेंढ्या शेतात शिरल्या आणि पीक गेले. तफसीरकारांनी सांगितलेला तपशील असा की, हजरत सुलैमान यांनी कळप कायमचा शेतकऱ्याला देऊन टाकला नाही. कळपवाल्याने शेत पूर्ववत करून द्यावे आणि तोवर शेतकऱ्याने कळपाच्या दुधा-लोकरीचा फायदा घ्यावा. म्हणजे ज्याचे गेले त्याला मधल्या काळातही काही मिळावे, आणि ज्याच्याकडून गेले तो कायमचा बुडू नये. हा निवाडा आम्हाला फार सुंदर वाटतो. मधला काळ कोणीच मोजत नाही.

खालाचा मधला काळ असा होता : दाराची कडी वाजलेली कळत नाही. दूधवाला परत जातो. फजरची अजान ऐकू येत नाही, म्हणून शेजारची मुलगी बॅटरीचा उजेड खिडकीत टाकते. आणि सकाळच्या आठ मुली घरी बसल्या.

तरी शेवटी खालाने स्वतःच ठरवले. “वाडगा फोडणारे घरचे होते. हे परके आहेत. हिशेबाने जेवढं होतं तेवढंच मागा. एक रुपया जास्त नको आणि एक रुपया कमी नको.” दुरुस्ती केंद्राने तपासून लिहून दिले की मशीन पाण्याने निकामी झाले आहे, दुरुस्त होणार नाही. त्या तपासणीचे पाचशे. ग्रंथालयाच्या पुस्तकाचे एकशे ऐंशी. एकूण सोळा हजार दोनशे ऐंशी. या आकड्यासह बिलाची प्रत, केंद्राचा अहवाल, फोटो आणि पावती जोडून आम्ही स्पीड पोस्टाने पत्र पाठवले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

आता त्या बारीक अक्षरांबद्दल. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापले की सगळे संपले, असा समज पुष्कळांचा असतो, आणि छापणाऱ्यांना तो हवाच असतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल दिला. 1998 मध्ये एका पाहुण्याने गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, गाडी चोरीला गेली, आणि हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवरचे ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द पुढे केले. न्यायालयाने सांगितले की स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले असेल, तर अशा छापील वाक्याच्या आड लपता येणार नाही. पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार हॉटेलवर आहे. मुळात 1872 च्या करार कायद्यातच लिहिले आहे की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. आपण याला अमानत म्हणतो.

उद्यानाच्या वकिलांचे उत्तर आले, ते मात्र हुशारीचे होते. त्या गाडीची किल्ली हॉटेलकडे होती, तुमच्या लॉकरची तुमच्याकडे होती. आत काय ठेवले होते हे आम्हाला ठाऊक नाही. हा फरक खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण बँकेच्या लॉकरचेही असेच असते. तिथे काय ठेवले आहे हे बँक पाहत नाही. तरीही फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावले की तेवढ्यावरून हात झटकता येणार नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले. ते 1 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधले सामान गेले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. करमणुकीच्या उद्यानांना हा नियम लागू नाही. पण त्यातला विचार लागू आहे : आतल्या वस्तू तुम्हाला माहीत नसतील, पण छत तुमचे, पाइप तुमचा आणि भाडे तुम्ही घेतले. आत काय होते हे दाखवणे आमचे काम, आणि ते आम्ही बिल, डबीचा फोटो आणि तपासणीच्या अहवालाने केले. एवढे लिहून आम्ही दुसरे पत्र पाठवले.

सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन हुकूम देत नाही, ती कंपनीला विचारणा करते. पण विचारणा झाली की पत्रे वाचली जातात. त्यानेही काम झाले नसते तर जिल्हा ग्राहक आयोग होता. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्याने एक मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार देता येते. म्हणजे खालाला पालघरला खेपा घालाव्या लागल्या नसत्या, ठाण्यात भागले असते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे. आम्ही हे सगळे दुसऱ्या पत्रात शांतपणे लिहिले, धमकीच्या सुरात नाही.

आठवड्याने फोन आला. दोन हजार ‘सद्भावना म्हणून’. आम्ही नाही म्हणालो. मग दहा हजार. मग पंधरा हजार, विषय संपवण्यासाठी. आमचा आकडा सोळा हजार दोनशे ऐंशीचा. खालाला लिहून विचारले. तिने पेन्सिलने खाली लिहिले : “पोराचे काय?”

तिने अट घातली. पंधरा हजार चालतील, पण ही रक्कम कोणत्याही कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली नाही आणि कापणार नाही, असे लेखी द्या. फोनवरच्या बाई म्हणाल्या, ही आमची अंतर्गत बाब आहे. आम्ही म्हटले, वेतनाच्या कायद्यानुसार अशी कपात करायला नुकसान थेट त्या कामगाराच्याच हलगर्जीपणाने झालेले असावे लागते आणि त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते. इथे तर पाइप गळत होता. बाई जरा गप्प झाल्या. दोन दिवसांनी ईमेल आला, त्यात ते वाक्य होते. एक हजार दोनशे ऐंशी रुपये कमी पडले, त्याबद्दल थोरल्याने आम्हाला बरेच ऐकवले. खाला म्हणाली, “ते मी त्या वाक्याला दिले.”

सोपाऱ्याच्या नातेवाइकांना आम्ही एकदा तिकडून जाताना खिडकीवर पाहायला सांगितले. तो मुलगा तिथेच होता. पाइप बदलला होता. बादली दिसली नाही.

सात आठवड्यांनी नवे मशीन आले. वरचे पैसे खालाने आणि आम्ही मिळून घातले. ग्रंथालयाला पुस्तकाची नवी प्रत दिली. भिजलेली जुनी प्रत धाकटीने उन्हात वाळवून स्वतःकडे ठेवली आहे. त्याच दिवशी संध्याकाळी ती खालाकडे सबक द्यायला बसली. सात आठवडे कोणी टोकले नव्हते, त्यामुळे तिचा वेग वाढला होता. दुसऱ्याच ओळीवर खालाने हात वर केला. “थांब. ही छोटी हे नाही, बडी हे आहे. पुन्हा वाच.”

धाकटीने आमच्याकडे वळून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, “आता ऐकू येतं वाटतं.”

“तेही आलं,” खाला म्हणाली.